सत्तेचाळीसची हाक

१

अक्षू दुपारी दीडला झोपली की क्षिप्राला साधारण दोन तास मिळायचे. साधारण, कारण अकरा महिन्यांच्या पोरीनं घड्याळ बघून झोपायचं कबूल केलेलं नसतं. मग हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा, पंखा दोनवर करायचा आणि आतल्या खोलीतल्या एका छोट्या हिरव्या सर्किट बोर्डाला विचारायचं, काय रे बाबा, आज काय काय ऐकलंस.

बोर्ड अक्षूच्या गादीशेजारी स्टुलावर असे. क्षिप्राची कंपनी ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. तान्ह्या बाळांवर लक्ष ठेवणारं यंत्र बनवायचं चाललं होतं. गादीखाली एक पातळ चटई, तिला बाळाचा श्वास कळे. वर एक मायक्रोफोन, त्याला रडणं कळे. खरं बाळ ज्यांच्या घरी आहे अशी टीममध्ये ती एकटीच, त्यामुळे नमुन्याचं यंत्र आपोआप तिच्याकडे, डोंबिवलीजवळ कोपरच्या घरी आलं होतं.

तिच्याकडे त्यातलं तळाचं काम होतं, कर्नलचं, म्हणजे यंत्राच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅमचं, आणि त्यातही इंटरप्टचं. विठ्ठलवाडीला सासूबाईंना, गंगुबाईंना, तिनं एकदा ते समजावून सांगितलं होतं. प्रोसेसर आपल्या कामात असतो. एवढ्यात कुणीतरी हाक मारतं, मायक्रोफोन म्हणा, चटई म्हणा. मग हातातलं काम आहे तिथे ठेवायचं, कुठवर आलो होतो ते लक्षात ठेवायचं, हाकेला ओ द्यायची, काय हवं-नको ते चटकन बघायचं आणि परत येऊन बसायचं. ओ देणारा जो कोडचा तुकडा, त्याला म्हणतात हॅण्डलर.

"म्हणजे सूनच की," गंगुबाई म्हणाल्या होत्या.

हॅण्डलरचे नियम कडक. थोडक्यात आटपायचं, आत रेंगाळायचं नाही, आणि झोपायचं तर कधीच नाही, नाहीतर अख्खी सिस्टिम आडवी होते. पोरीला थोपटता थोपटता स्वतःच घोरायला लागलेल्या क्षिप्राला हे नियम हटकून आठवत. अक्षू पाच महिन्यांची असताना ती कामावर परतली होती. त्यावरून घरात तिला कुणी काही बोलत नसे. ते काम ती स्वतःच करायची.

कोणी किती हाका मारल्या याचा तक्ता कर्नल ठेवतो. सोमवारी तीन वाजता तिनं तो उघडला, तर सत्तेचाळीस नंबरची लाइन बंद पडलेली. शेजारी कर्नलनं आपल्या ठरावीक शब्दांत कारण लिहिलं होतं: नोबडी केअर्ड. हाक आली, कुणी विचारलं नाही.

वाक्य जगभरच्या कर्नलमध्ये असतं, तिला उद्देशून कुणी लिहिलेलं नव्हतं. तरी ती आधी उठून अक्षूला बघून आली.

२

सत्तेचाळीसवर दोन जागा होत्या. एकीवर मायक्रोफोन. दुसरी रिकामी, पुढेमागे काही जोडायचं झालं तर असावी म्हणून ठेवलेली. तिच्यावर साधी तारसुद्धा नव्हती. लाइनवर हाक आली की कर्नल मायक्रोफोनच्या हॅण्डलरला विचारी, तुझी का? तो म्हणाला माझी नाही, आणि दुसरं कुणी विचारायला नाही, की हाक बेवारस. बाळाचं यंत्र म्हणून महेंद्रनं नियम फार कडक लावला होता. एक जरी बेवारस हाक आली तरी लाइन बंद. आणि लाइन बंद म्हणजे मायक्रोफोन बहिरा. पोर रडून आकांत करो, यंत्र ढिम्म.

महेंद्र तिचा टीम लीड. गुरुवारी बाहेरच्या लोकांना यंत्र दाखवायचं होतं, त्यामुळे तो तीन दिवस चहावरच होता.

"तार लोंबकळत असेल कुठेतरी," तो फोनवर म्हणाला.

"तारच नाहीये. आणि लोंबकळणारी तार हजार वेळा बोंबलते रे. ही एकदाच येते. शुक्रवारी तीनला दहा कमी असताना, एकदा. आज सकाळी बोर्ड नव्यानं चालू केला, तर आजही तेव्हाच. आत्ता लाइन उघडून ठेवली, तरी पुन्हा नाही."

"एकदाच येते ना? मग तर सोपंय. त्या रिकाम्या जागेवर एक डमी हॅण्डलर बसव. कर्नलनं विचारलं तुझी का, की हो म्हणायचं. काही करायचं नाही, नुसतं हो."

"म्हणजे खोटं बोलायचं."

"गुरुवारपर्यंत बोल ना यार. मग शोधू कोण आहे ते."

त्याचं चुकत नव्हतं. धंद्यात सगळेच असं करतात. पाच ओळींचा हॅण्डलर, त्यातल्या दोन रिकाम्या. आता त्याला नाव द्यायला हवं. नावं देण्यात क्षिप्रा पहिल्यापासून मठ्ठ. अक्षू आतून कुरकुरली की ती हॉलमधूनच जे ओरडायची, तेच तिनं टाइप केलं: आले. नोंदीतही तेच उमटेल अशी सोय केली, म्हणजे ओ कधी दिली ते कळेल.

मंगळवारी तीनला दहा कमी असताना स्क्रीनवर एक ओळ आली.

सत्तेचाळीस: आले.

लाइन चालू राहिली. महेंद्रनं अंगठा पाठवला.

३

"कोनाला बोललीस आले?" आवडाबाईंनी विचारलं.

आवडाबाई खाडीकडच्या जुन्या गावातल्या. बाप मिठागरावर होता, आता त्या जागेवर भावाच्या चार इमारती उभ्या. तरी अकरा ते पाच अक्षूला सांभाळायला यायच्या, कारण घरी बसून सुनेचं तोंड बघायचा कंटाळा. क्षिप्रा स्क्रीनवरची ओळ तोंडातल्या तोंडात वाचत होती, ते त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं.

"मी नाही हो मावशी, मशीन बोललं. कुणीतरी हाक मारतं, कोण ते कळत नाही. म्हणून त्याला उत्तर द्यायला शिकवलं."

"कितींदा मारतंय हाक?"

"एकदाच."

आवडाबाई हातातली लसूण सोलायची थांबल्या. "आन तू पयल्याच हाकंला ओ दिलीस?"

"मशीननं दिली."

"मशीनला कोनी शिकवलं? बाय, दुपारची पयल्या हाकंला ओ नाय देवाची. मानूस आसंल तर पुन्ना बोलवंल. त्याला गरज हाय. जे एकदाच बोलवतंय ना, त्याला तुजी ओच पायजे."

"इंजिनीअरिंगमध्ये आम्हाला हे शिकवलं नाही."

"मंग काय शिकवला चार वरसं?" असं म्हणून आवडाबाई हसल्या आणि आत गेल्या. क्षिप्राही हसली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की चार वाजत आलेत आणि अक्षू अजून उठलेली नाही.

ती आत गेली. अक्षू जागी होती. उताणी पडून, पाय वर करून, अंगठा धरून मजेत. उठल्यावर भोकाड न पसरता स्वतःशी खेळणारं मूल क्षिप्रानं फक्त दुसऱ्यांच्या व्हिडिओत पाहिलं होतं. तिला बरंच वाटलं. मग तिनं गादीकडे बघितलं. झोपवताना तिनं अक्षूचं डोकं खिडकीकडे केलं होतं. आता ते दाराकडे होतं, आणि दुपटं व्यवस्थित कमरेपर्यंत ओढलेलं.

आवडाबाई फिरवून गेल्या असतील, असं तिनं मनात म्हटलं. त्यांना मात्र विचारलं नाही.

४

बुधवारीही अक्षू रडली नाही. गुरुवारी डेमो झाला, लोक खूश झाले, महेंद्रनं ठाण्याहून टाळ्यांचा आवाज ऐकवला. त्याही दुपारी ती रडली नाही. क्षिप्रा तक्ता चाळत बसली. मायक्रोफोनच्या हाका दुपारभरात शून्य. हे झालं समजा. पण चटईच्या हाकांतही खळगा होता.

चटई श्वासागणिक हाक मारते. झोपलेलं बाळ, मिनिटाला तीसेक. सगळी दुपार तो आकडा शहाण्यासारखा चालला होता. तीनला दहा कमी असताना सत्तेचाळीसवर हाक, तिला उत्तर: आले. आणि त्यानंतर चटई गप्प. चार मिनिटं एकही श्वास नाही. मग पुन्हा तीस.

मंगळवारी चार मिनिटं. बुधवारी सहा. गुरुवारी अकरा.

शुक्रवारी सकाळी क्षिप्रानं करायचं ते सगळं केलं. चटई बदलली. केबल बदलली. चटईवर पाच किलो तांदळाची पिशवी ठेवून वर हातानं दाबत बसली, तर चटईनं प्रत्येक दाब मोजला. पोर गादीवरून लोळत बाहेर गेली तर श्वास मोजले जाणार नाहीत हे खरं. पण लोळत गेलेली पोर अकरा मिनिटांनी बरोब्बर जागेवर लोळत परत येते का?

रात्री सुदेश ताट वाढून घेताना म्हणाला, "अगं पोर शांत झोपते याचं टेन्शन घेणारी तू जगात पहिलीच." त्याची नोकरी महापेला, शीळफाट्याच्या गर्दीतून सुटून घरी यायला आठ वाजायचे, आणि तोवर त्याच्यातला माणूस संपलेला असायचा. "सेन्सर गंडला असेल. तूच म्हणतेस ना, सेन्सर गंडतात."

"सकाळी नवी चटई घातली, तरी दुपारी तेच. दोन चटया एकाच वेळेला गंडतात?"

"मग बोर्ड." त्यानं अक्षूला मांडीवर घेतलं. "तू थकलीयेस, क्षिप्रा. थोडी झोप ना दुपारी."

तो म्हणत होता ते सगळं ती स्वतःला आधीच म्हणून झाली होती. एक गोष्ट तिनं त्याला सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी नव्हती. दोन दिवस तिनं अक्षूला उचललं की पोर एकदम काही करत नसे. आधी तिच्या तोंडाकडे बघे. लिफ्टमध्ये शेजारच्या काकांकडे बघते तसं, खालचा ओठ जरासा बाहेर काढून, हे कोण ते ठरवत.

५

शनिवारी सुदेशला कामाला जायचं होतं. दुपारी क्षिप्रा टेबलाशी बसली होती, आतल्या खोलीच्या दाराकडे पाठ करून नव्हे, तोंड करून. पण स्वयंपाकघरातून आत जायला मधल्या बोळात दुसरं दार होतं, ते तिथून दिसत नसे. तीनला आठ कमी असताना आवडाबाईंच्या चपलांचा फटफट आवाज बोळातून गेला, थांबला आणि परत आला.

मग आवडाबाई हॉलमध्ये आल्या. हातात नाचणीच्या सत्त्वाची वाटी, वर चमचा.

"हे तूच भरव मंगशी," त्या वाटी टेबलावर ठेवत म्हणाल्या. "तुज्या खांद्यावर निजलीय ती, म्हनून मी..."

क्षिप्रा खुर्चीत बसलेली. मांडीवर लॅपटॉप.

"मी इथेच आहे, मावशी."

आवडाबाईंनी एकदा आतल्या दाराकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. क्षिप्राच्या अंगात घरातला पिवळा गाउन होता. त्यांची नजर त्या गाउनवरून खालपासून वरपर्यंत गेली.

"पाठमोरी होतीस," त्या म्हणाल्या. स्वतःलाच सांगितल्यासारखं. "खिरकीकडं तोंड करून."

क्षिप्रा धावली. खुर्ची मागे पडली ती पडली. आत अक्षू गादीवर गाढ झोपलेली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, लपायला जागाही नव्हती. कपाटाला आरसा, खिडकीला जाळी. तिनं पोरीला उचललं. अंग गरम लागलं. घामानं नव्हे. पोराला बराच वेळ छातीशी धरून मग खाली ठेवलं की जिथे आपलं अंग लागलेलं असतं तिथे लागतं, तसं गरम. अक्षूची पुढची बाजू, पोट, गाल. पाठीवर फक्त एका पंजाएवढं.

ती बाहेर आली तर आवडाबाई पिशवी घेऊन दारात उभ्या.

"मी सकालची येन, बाय. दुपारची नाय यायची."

"काय बघितलंत तुम्ही?"

"तुला बगितली," आवडाबाई म्हणाल्या, आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरल्या.

६

रविवारी सुदेश घरी होता आणि काहीच झालं नाही. सोमवारी तो गेल्यावर क्षिप्रानं तो पाच ओळींचा हॅण्डलर पुसून टाकला, बोर्ड बंद करून पुन्हा चालू केला, आपल्याला ताप आहे असं महेंद्रला कळवलं आणि दीड वाजता पोरीला थोपटून तिथेच, गादीला चिकटून, जमिनीवर बसली. लॅपटॉप मांडीवर. फोनचा आवाज बंद. बेडरूमची हॉलकडचं आणि बोळाकडचं अशी दोन्ही दारं तिनं आतून लावून घेतली. खिडकीचं तर लावलेलंच होतं.

आपण हे काय करतोय, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही. बत्तीस वर्षांची, एम. टेक. झालेली बाई, चोरावर पाळत ठेवल्यासारखी आपल्याच पोरीपाशी बसलीय. डॉक्टरकडे जायचं ते आपणच. बाळंतपणानंतर बायकांना असं होतं, वाचलंय आपण. तक्त्यातले आकडे मात्र बाळंत झालेले नव्हते.

इमारतीत दुपारची शांतता होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी पाटा सरकवला. खालच्या गाळ्यातलं ग्रिल कापायचं यंत्र एकदा ओरडून थांबलं. अक्षूचा श्वास चालू होता. डोळ्यांसमोर पोट, स्क्रीनवर आकडा, दोन्ही एका तालात. तीनला दहा कमी. सत्तेचाळीसवर हाक आली. मायक्रोफोननं नाही म्हटलं. दुसरं कुणी नव्हतं. नोबडी केअर्ड. लाइन बंद.

क्षिप्रानं सुटकेचा श्वास सोडला.

अक्षूनं डोळे उघडले. आईकडे बघितलं नाही. आईच्या डोक्याच्या जरा वर, पलीकडे बघितलं, बोळकं दाखवत हसली आणि दोन्ही हात वर केले. घे म्हणून.

"अक्षू," क्षिप्रा म्हणाली. "इकडे बघ, बाळा. इथे आहे मी."

झबल्याच्या काखेतलं कापड गोळा झालं. आधी डाव्या बाजूचं, मग उजव्या. दोन्हीकडे चार-चार चुण्या पडल्या, आत दबल्या आणि तशाच राहिल्या. पोरीचे खांदे कानांशी आले. मान सावरायला मागे काहीतरी असल्यासारखी ती सरळ राहिली. टाचा अजून गादीला टेकलेल्या होत्या. मग एक टेकलेली होती. स्क्रीनवरचा आकडा शून्य झाला.

क्षिप्रानं पोरीला कमरेत धरून ओढलं. एक क्षणभर, अगदी क्षणभरच, ती सहज आली नाही.

७

मग अक्षू रडायला लागली. आठवडाभराचं रडणं साचलेलं असावं तसं. क्षिप्रानं तिला छातीशी घट्ट धरलं, हॉलमध्ये आणलं, अंगावर पाजायचा प्रयत्न केला. पोरीनं तोंड फिरवलं. दोन्ही हातांनी तिच्या गळ्याला रेटा देऊन ती मागे वाकली, बेडरूमकडे, आणि रडता रडता तिचा श्वास अडकला. तोंड उघडं, आवाज नाही. क्षिप्रानं चेहऱ्यावर फुंकर मारली, पाठ चोळली. कितीतरी वेळानं श्वास परत आला.

तिनं सुदेशला फोन लावला.

"मी निघतो, पण फाट्यावर सगळं जाम आहे गं. तू डॉक्टरकडे ने, मी तिकडेच येतो. खाली रिक्षा मिळेल. क्षिप्रा, ऐकतेयस ना? काय झालंय तिला?"

"ती माझ्याकडे राहत नाहीये," क्षिप्रा म्हणाली, आणि हे वाक्य त्याला कळणार नाही हे तिला कळलं.

अनवाणीच ती दाराबाहेर पडली. लिफ्टपर्यंत पोचेपर्यंत श्वास पुन्हा अडकला. या वेळी ओठांभोवती निळं आलं. पोर धनुष्यासारखी ताणलेली, बोटं ताठ, डोळे आईच्या खांद्यावरून घराच्या उघड्या दारावर. क्षिप्रा दोन पावलं दाराकडे आली आणि श्वास सुटला. पुन्हा लिफ्टकडे वळली, एवढंच, नुसती वळली, आणि तिसऱ्यांदा गेला. या खेपेला तिनं आकडे मोजले. वीस. तीस. चाळीसला पोरीची मान कलंडली.

पाच मजले खाली, मग रिक्षा, मग दवाखाना. चाळीस आकड्यांत लिफ्टसुद्धा वर आली नसती.

ती घरात परत आली. उंबरठा ओलांडला तसा अक्षूनं श्वास घेतला, खोल, खरवडत, आणि जोरात रडली. बेडरूमच्या दारात रडणं हुंदक्यांवर आलं. गादीजवळ गेल्यावर पोर तिच्या हातांतून खाली वाकायला लागली, वासरू गोठ्याकडे ओढतं तशी.

"मी आहे ना गं," क्षिप्रा म्हणाली. "मी तुझी आई आहे." आवाज मुलाखतीत निघायचा तसा निघाला.

तिनं अक्षूला चटईवर ठेवलं. डोकं कुठे करावं ते तिला ठरवता येईना, तेवढ्यात पोरीनंच ते दाराकडे केलं. दुपटं कमरेपर्यंत घातलं. पोर हुंदके देत तिच्याकडे बघत होती, आता ओळख न पटल्यासारखं नव्हे. पटल्यासारखं, आणि ही बाई जायची वाट बघत असल्यासारखं.

क्षिप्रा उठली. पाठ न दाखवता मागे मागे सरत दारापर्यंत आली, बाहेर पडली आणि दार ओढून घेतलं. कडी लागायच्या आत रडणं थांबलं. हळूहळू ओसरलं असं नाही. मध्येच, तोंडातल्या आवाजासकट.

मग आतून पावलं ऐकू आली. मोठ्या माणसाची, अनवाणी, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत, मूल खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालतात त्या चालीनं. आणि कोण्या बाईचं गुणगुणणं. शब्द नव्हते, किंवा दारातून कळत नव्हते. पोर तृप्त हुंकार देत होती.

क्षिप्रा दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. हातांत काही नव्हतं, म्हणून तिनं हात मांडीवर ठेवले. तीन वीस झाले होते. सुदेशचे चार मिस्ड कॉल होते. उठून दार ठोठावावं, निदान खाकरावं, असं तिच्या मनात आलं. पण आतली झोपवतेय, मध्येच आवाज केला तर पोर दचकेल, आणि परत तो श्वास. म्हणून ती तशीच बसून राहिली, जमेल तेवढी हळू श्वास घेत, आतून कुणी बोलावेल याची वाट बघत.